बोअर-पिस्टननंतर आरएक्स फटाके वाजवते, तेव्हा आधी कुठे बघायचं

कळव्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. यामाहा आरएक्स १००, बोअर (सिलिंडरचं भोक) घासला म्हणून वागळे इस्टेटमध्ये ०.५० ओव्हरसाइजवर, म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा, रिबोअर करून घेतला. पिस्टन, रिंगा, गजनपिन, वरचं बेअरिंग, हेडचं आणि खालचं पॅकिंग असं सगळं नवं. पार्ट यायला वेळ लागला, म्हणून गाडी दीडेक महिना उघडी पडून होती. हातात आल्यापासून मूठ (ॲक्सिलरेटर) सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. सकाळी थंड असताना मूठ जरा पटकन उघडली की कार्बोरेटर शिंकतो. गाडी तापली की विटाव्याच्या सिग्नलला उभी असताना आयडलिंग आपोआप चढतं, थोडा वेळ तसंच राहतं आणि मग खाली येतं. मेकॅनिकने प्लग बदलला, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर मोठा टाकला. धूर वाढला, फटाके तसेच. आता तो म्हणतो सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलाय. घेऊ का?

घेऊ नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

तुम्ही तीन लक्षणं लिहिलीत, पण मेकॅनिकने त्यातल्या आवाजाच्याच लक्षणावर काम केलं. खरी खबर तिसऱ्यात आहे. तापल्यावर आयडलिंग आपोआप चढणं हे सीडीआयचं लक्षण सहसा नसतं. सीडीआय मरतो तेव्हा गाडी बंद पडते, ठरावीक आरपीएमच्या वर अडते किंवा तापल्यावर स्पार्क तुटतो. मूठ न फिरवता इंजिन पळायला लागलं, तर कार्बोरेटरला चुकवून हवा कुठून तरी आत येतेय असं धरून चालायचं. टू-स्ट्रोकमध्ये हे कुठूनही होऊ शकतं, कारण त्याचं क्रँककेस (सिलिंडरखालची बंद पोकळी) हाच त्याचा पंप आहे, मिश्रण आधी तिथे येतं आणि तिथून वर जातं. फोर-स्ट्रोकला क्रँककेसमधून थोडी हवा गळली तर तेल बाहेर येतं, बस. टू-स्ट्रोकला तिथून हवा आत शिरली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन जास्त तापतो, आणि नव्या बोअरमध्ये पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं. म्हणून पहिली विनंती: कारण सापडेपर्यंत गाडी चालवू नका, घोडबंदर रोडवर 'एकदा खेचून बघू' तर मुळीच नको.

आता आवाज. सगळ्याला आपण 'बॅकफायर' म्हणतो, पण इथे प्रकार वेगळे आहेत आणि कारणंही वेगळी.

सायलेन्सरमधला फटाका म्हणजे न जळलेलं मिश्रण बाहेर पडून तिथे पेटलं. एखाद्या फेऱ्यात प्लगने पेट घेतला नाही, ते मिश्रण तसंच सायलेन्सरमध्ये गेलं आणि पुढच्या फेऱ्याच्या गरम वायूने त्याला काडी लावली. मूठ मिटलेली असताना टू-स्ट्रोक थोडाफार हे करतोच. आत ताजं मिश्रण कमी, जुना धूर जास्त, त्यामुळे दर फेऱ्याला पेट होत नाही. उतारावर जुन्या आरएक्सचा तो अडखळता आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. तेवढ्यावरून इंजिन उघडायचं नसतं. पण रिबोअरआधी हे नव्हतं आणि नंतर सुरू झालं, तर बघायला हवं.

कार्बोरेटरची शिंक हा दुसरा प्रकार आणि तो जास्त गंभीर. लीन मिश्रण हळू जळतं. इतकं हळू, की ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून मिश्रण वर आणणारी खाच) उघडेपर्यंत वर आग धुमसत असते. ती पोर्टातून खाली उतरते आणि क्रँककेसमधलं मिश्रण पेटवते. येझदीसारख्या पिस्टन-पोर्ट गाडीत, म्हणजे जिथे आत येणारी वाट पिस्टनच उघडतो-मिटतो, हा भडका थेट कार्बोरेटरमधून बाहेर येऊ शकतो. आरएक्समध्ये मध्ये रीड व्हॉल्व्ह (फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या पातळ पत्त्या) आहे, त्याने तो अडवायला हवा. म्हणजे तुमच्या गाडीत शिंक कार्बोरेटरच्या तोंडाशी ऐकू येत असेल, तर मिश्रण लीन आहेच, शिवाय रीडच्या पत्त्याही नीट बसत नसण्याची शक्यता आहे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरा प्रकार तुम्हाला नाहीये, तरी सांगतो: किक उलटी मारणं. ते टायमिंग पुढे गेल्याचं लक्षण. सीडीआयआधीच्या पॉइंटवाल्या जुन्या गाड्या टायमिंग फार पुढे असलं तर कधीकधी उलट्या फिरून चालूही होतात, आणि पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाते. ज्याने हे बघितलंय तो विसरत नाही.

रिबोअरनंतर आलेल्या दोषाचा शोध मी नेहमी एकाच प्रश्नाने सुरू करतो: या कामात कोणकोणते सांधे उघडले? सिलिंडर काढला म्हणजे खालचं पॅकिंग, हेडचं पॅकिंग, बेंडचं (सिलिंडरपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपचं) पॅकिंग, रीड ब्लॉकची दोन्ही पॅकिंगं, कार्बोरेटरचं रबर, ऑइल पंपाची नळी आणि मुठीची केबल. एवढ्या सगळ्याला हात लागला. सीडीआय, एचटी कॉइल, पिकअप कॉइल यांना कुणी हात लावलेला नाही. ज्याला हात लागला नाही ते नेमकं त्याच दिवशी बिघडलं, हा योगायोग होतो, पण अगदी क्वचित.

घरच्या घरी करायची पहिली परीक्षा चोकची. गाडी गरम करा, दोष दिसेपर्यंत थांबा आणि चोक अर्धा ओढा. आरएक्सच्या मिकुनी व्हीएम कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट, ती उघडली की मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. चोक ओढल्यावर गाडी शांत झाली, फटाके कमी झाले, तर दोष लीन मिश्रणाचा. चोकने आणखी घुसमटली आणि फटाके वाढले, तर स्पार्क किंवा टायमिंगकडे वळायचं. एका मिनिटात अर्धे संशयित सुटतात. तुमच्या बाबतीत ती शांत होईल असा माझा अंदाज आहे.

आता खरी परीक्षा. ठाण्यातली बहुतेक गॅरेजं ही करत नाहीत, कारण दोन-तीन बूच आणि अर्धा तास लागतो. करणारे मात्र दुसरं काही करण्याआधी हीच करतात. इंजिनाची सगळी तोंडं बुचांनी बंद करून त्यात हवा भरायची आणि ती टिकते का बघायची.

सामान असं. एक जुनं बीपी मशीन, डायलवालं. पाऱ्याचं नको आणि डिजिटल नको. पट्टा काढून टाका, रबरी फुगा आणि डायल ठेवा. त्या डायलवर ३०० पर्यंत आकडे असतात, आणि पाऱ्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळपास ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोकच्या या परीक्षेला साधारण ६ पीएसआय लागतात, त्यामुळे डॉक्टरी डायल इथे नेमका बसतो. टायरच्या मीटरवर ६ पीएसआय नीट वाचताच येत नाहीत. याहून जास्त दाब द्यायचा नाही. १० च्या पुढे गेलात तर चांगले ऑइल सील (क्रँकच्या दोन्ही टोकांवरच्या रबरी कड्या) उलटे करून ठेवाल.

बेंड काढा. एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा जाड तुकडा ठेवून त्यावर पत्र्याची पट्टी दाबून घट्ट करा. प्लग जागेवर. मॅग्नेट (क्रँकच्या डाव्या टोकावरचं चाक) फिरवून पिस्टन पूर्ण खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट दोन्ही उघडे राहून वर-खाली सगळं एकच पोकळी होते. आता कार्बोरेटर काढून त्याच्या रबरात त्याच जाडीचा लाकडी किंवा रबरी बूच घाला, बुचाच्या मधोमध भोक पाडून फुग्याची नळी त्यातून आत घ्या आणि क्लॅम्प आवळा.

हवा इथूनच, इनटेककडूनच भरायची, यावर मी अडून बसतो. काहीजण प्लगच्या भोकातून भरतात, ते सोपं पडतं. पण आरएक्समध्ये आतून दाब दिला की रीडच्या पत्त्या मिटतात आणि रबराचा भाग दाबाच्या बाहेर राहतो. म्हणजे फाटका असण्याची सगळ्यात जास्त शक्यता ज्याची, तोच भाग तपासला जात नाही, आणि डायल मात्र 'सगळं ठीक' सांगतो.

३०० पर्यंत फुगवा आणि घड्याळ लावा. चांगलं इंजिन सहा मिनिटं जवळपास तिथेच उभं राहतं. काटा मिनिटाला ५० पेक्षा जास्त घसरत असेल, म्हणजे एक पीएसआयच्या आसपास, तर ते इंजिन नापास. मग भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी ब्रशने लावत जायचं: खालच्या पॅकिंगची कड, रीड ब्लॉकच्या दोन्ही कडा, रबर, हेड, प्लग, ऑइलच्या नळीचा सांधा. आधी स्वतःचे बूच तपासा, कारण निम्म्या वेळा गळती तिथेच निघते. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर चालू गरम इंजिनवर फवारून गळती शोधायची पद्धतही आहे. मला ती आवडत नाही. गॅरेजमध्ये आग लागायला तेवढं पुरेसं असतं.

क्लच बाजूचा सील बाहेरून दिसत नाही. तिथे एक युक्ती आहे. गिअर ऑइलचं झाकण काढा आणि त्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा, लहान मुलं फुगे उडवताना रिंगवर धरतात तसा. पडदा बाहेर फुगायला लागला, तर क्रँककेसमधली हवा सीलमधून गिअरबॉक्समध्ये येतेय. त्या बाजूचा सील गेल्याची आणखी एक खूण म्हणजे पांढरा दाट धूर, जो थांबत नाही, आणि गिअर ऑइल कमी होत जाणं. इंजिन ते तेल ओढून जाळतं. डाव्या बाजूचा, मॅग्नेटमागचा सील गेला तर तेल नाही, कोरडी हवा आत येते. तुमचं आपोआप चढणारं आयडलिंग त्या वर्णनाशी जुळतं. मॅग्नेट पुलरने काढून तिथे साबण लावावा लागेल. हातोडी मारून मॅग्नेट काढू देऊ नका.

इथे एक प्रश्न हमखास येतो: सीलला तर कुणी हातच लावला नाही, मग तो आता कसा गेला? तो आधीच कडक झालेला असतो. घासलेल्या बोअरमध्ये इंजिन एवढं ढिलं असतं की सीलची गळती त्यात लपून जाते, आणि त्या गळतीसकट जुळवलेल्या सेटिंगवर गाडी वर्षानुवर्षं चालत असते. नवा पिस्टन आला की क्रँककेसमधली ओढ वाढते आणि दोष उघडा पडतो. आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे तुमच्या इंजिनाचे सील कुणी मधे बदलले नसतील, तर त्यांचं वय तुम्हीच काढा. रिबोअर करतानाच ते बदलावेत असं माझं मत आहे. डावा तर क्रँक न उघडताही बदलता येतो.

पण तुमच्या गाडीत मी सगळ्यात आधी संशय घेईन तो सिलिंडरखालच्या पॅकिंगवर. कारण तिथे मी फार बघितलंय. जुनं पॅकिंग क्रँककेसच्या ॲल्युमिनियमला चिकटलेलं असतं, ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढतात, आणि त्या तोंडावर आडवे ओरखडे पडतात. नखाला लागेल असा एक ओरखडा आतून बाहेरपर्यंत गेला की वर नवं पॅकिंग टाका नाहीतर दोन टाका, हवा त्या चरातून जातेच. मग त्यावर लाल सिलिकॉनचा थर. सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि त्याचा लोंबता तुकडा ट्रान्सफर पोर्टात अडकतो. बरोबर पद्धत अशी: पॅकिंग थिनरने भिजवून मऊ करायचं, जुन्या फीलर गेजच्या पात्याने किंवा कडक प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचं, सिलिंडरचा तळ जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात फिरवायचा, जोपर्यंत सगळीकडे एकसारखी चमक येत नाही तोपर्यंत. क्रँककेसचं तोंड जागेवरच सपाट दगडाने, आत चिंध्या कोंबून. मग पॅकिंग कोरडं किंवा शेलॅकचा पातळ हात.

दोन पॅकिंगं टाकायचा प्रकारही बघा. सिलिंडर वर उचलला की सगळे पोर्ट वर जातात, कॉम्प्रेशन घटतं, खालच्या वेगात ओढ जाते. तपासायचं असेल तर प्लगच्या भोकातून मऊ सोल्डरची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालून किकने पिस्टन वर न्या आणि चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. अशा लहान इंजिनात मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. दोनच्या जवळ आलं तर काहीतरी जास्तीचं घातलंय.

रबराचं सांगायचं तर हातात घेऊन वाकवून बघा. सरळ असताना ते नवंकोरं दिसतं, वाकवलं की क्लॅम्पच्या रेषेत भेगा उघडतात. उन्हात आणि इंजिनाच्या धगीत कडक झालेलं रबर काढता-घालताना फाटतं, म्हणून रिबोअरनंतर लगेच हा दोष दिसतो. भेग असेल तर चिकटवू नका, नवं घ्या. कार्बोरेटर रबरात शेवटपर्यंत बसलाय ना, एवढंही बघा. क्लॅम्प घट्ट आहे पण कार्बोरेटर अर्धा बाहेर, हे नेहमीचंच.

रीड ब्लॉक बाहेर आलाच आहे तर तो उजेडासमोर धरा. पत्ती आणि तिच्या बसायच्या कडेमध्ये केसाएवढी फट चालते, त्याहून जास्त नको. कोपरा तुटलेला असेल तर तो तुकडा कुठे गेला हेही शोधावं लागेल, कारण तो खालीच गेलेला असतो. पत्त्या उलट्या करून बसवायची गॅरेजमध्ये चाल आहे. थोडे दिवस चालतं. मी नव्या घालतो.

बेंडचं पॅकिंग हा सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात जास्त फटाके वाजवणारा भाग. बेंड सिलिंडरला बसतो तिथे फट राहिली, की मूठ सोडल्यावर बाहेरची थंड हवा आत ओढली जाते आणि सायलेन्सरमधल्या न जळलेल्या मिश्रणाला ऑक्सिजन मिळतो. तुमचे मूठ सोडतानाचे फटाके निव्वळ यानेही होऊ शकतात. खूण सोपी: सांध्याभोवती फिन्सवर तेलकट काळे ओघळ. जुनं पॅकिंग एकदा चेपलं की परत वापरायचं नसतं, आणि बेंड काढला की नवं घालायचं. शंभराच्या आतला खर्च वाचवून पाचशेचा जेट-प्लग बदलायचं काम कुणी करू नये.

आता इंधन. गाडी दीड महिना उघडी होती म्हणता. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहिलं असेल तर ते आटून पायलट जेटच्या सुईएवढ्या भोकात चिकट थर बसतो. मेन जेट मोठा करून आयडलिंग आणि मूठ सोडतानाच्या फटाक्यांवर काहीच फरक पडला नाही याचं कारणही हेच आहे. पाव मुठीपर्यंतचा कारभार पायलट जेट आणि एअर स्क्रूचा असतो, मेन जेटचा संबंध पाऊण मुठीच्या पुढे. मेकॅनिकने वरच्या मजल्यावरचा नळ मोठा केला. पायलट जेट काढून उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू नका, क्लीनर आणि हवा. मग एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, आणि तिथून दीड-दोन आटे बाहेर. या कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत घेतला की रिच होतं, बाहेर काढला की लीन. एक आटासुद्धा बाहेर न काढता आयडलिंग चांगलं लागत असेल तर पायलट एक नंबर मोठा लागेल, पण हा निर्णय हवेची गळती नाही हे सिद्ध झाल्यावरच.

पेट्रोलही तेव्हाचं राहिलेलं नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे जुन्या जेटवर आजचं पेट्रोल थोडं लीनच चालतं. एकट्याने फटाके वाजावेत एवढं नाही, पण आधीच काठावर असलेल्या गाडीला ढकलायला पुरेसं. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसात उभी राहिली असेल तर फ्लोट बाउलमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करा, मगच पुढे.

टायमिंगचं काय? मॅग्नेट या कामात काढला होता का, हे मेकॅनिकला विचारा. काढला असेल तर आतली अर्धचंद्राकृती चावी बघायलाच हवी. मॅग्नेट ढिला बसला किंवा टेपरवर (क्रँकच्या निमुळत्या टोकावर) तेल राहिलं, की किकच्या झटक्यात तो थोडा सरकतो आणि चावी अर्धी कातरली जाते. बाहेरून काहीच कळत नाही, स्पार्क उत्तम पडतो, पण चुकीच्या क्षणी. उशिरा पडला तर जळण एक्झॉस्ट उघडेपर्यंत चालू राहतं, बेंड प्रमाणाबाहेर तापतो, ओढ नसते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. चावी सपाट आहे, पायरी पडलेली नाही, हे बोटाने तपासा. टेपर थिनरने कोरडा पुसून मॅग्नेट बसवा. मग तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे प्लगच्या भोकात डायल गेज लावून टायमिंग बघा. मॅग्नेट काढलाच नव्हता असं उत्तर आलं, तर हा परिच्छेद सोडून द्या.

पिस्टन उलटा बसवलाय का, हेही लोक विचारतात. डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. आरएक्सच्या पिस्टनला इनटेकच्या बाजूला खिडक्या असतात. उलटा बसला तर त्या एक्झॉस्टकडे येतात आणि रिंगांची टोकंही पोर्टावरून फिरायला लागतात. तशी गाडी फटाके वाजवत बसत नाही, थेट रिंग मोडते. तुमची इतके दिवस चालतेय, म्हणजे पिस्टन बहुधा सरळ आहे. बेंड काढाल तेव्हा पोर्टातून टॉर्च मारून बघा: पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे नाहीत ना, आणि रिंगा बोटाने दाबल्यावर उसळतात ना.

स्पार्कची तपासणी शेवटी ठेवलीय कारण तुमच्यात तिची शक्यता कमी आहे. तरी प्लगची कॅप फिरवून काढा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून परत बसवा. रात्री अंधारात गाडी चालू करून वायरवर पाण्याचा हलका फवारा मारा, निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायर बदला. नवा प्लग कोणता टाकलाय तोही बघा. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात 'एच' म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आणि 'ई' म्हणजे १९. आरएक्सला आखूड लागतो. सीडीआय खरंच तपासायचा असेल तर ओळखीतल्या चालत्या आरएक्सचा दहा मिनिटं उसना घेऊन लावा. विकत घेऊन तपासू नका, इलेक्ट्रिकचा माल दुकानदार परत घेत नाही.

गळती सापडून बंद झाल्यावर मेन जेट मूळ नंबरचा परत घालायचा, हे मेकॅनिकला आठवण करून सांगा, नाहीतर गाडी धुराने कोंडेल आणि नवी शोधमोहीम सुरू होईल. ऑइल पंपाची नळी काढली होती, त्यामुळे तिच्यातला बुडबुडा पंपाच्या स्क्रूवरून काढला का तेही विचारा. खात्री नसेल तर पहिल्या टाकीला लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी तेल पेट्रोलमध्येही टाका. याहून जास्त ओतू नका. तेल जास्त म्हणजे इंजिन सुरक्षित, असं वाटतं खरं, पण त्याच जेटमधून जाणाऱ्या पेट्रोलची जागा तेल घेतं आणि मिश्रण उलट लीन होतं. मुठीची केबल पुढे कार्बोरेटर आणि पंप अशी दोन्हीकडे जाते, पंपावरची खूण जुळवून घ्या.

प्लगचा रंग बघायला पूर्ण मूठ उघडून इंजिन कट करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, पाम बीच रोडवर पहाटे जाऊन ये म्हणेल. नव्या बोअरवर ते करू नका. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये अर्ध्या मुठीच्या वर जास्त वेळ राहायचं नाही, एकाच वेगात लांब चालवायचं नाही, आणि पहिल्यांदा पूर्ण तापून पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट तिरप्या क्रमाने पुन्हा एकदा टॉर्क पान्याने बघायचे. बीपीच्या डायलवर काटा सहा मिनिटं टिकला आणि तरीही शिंक राहिली, तर रीड ब्लॉकचा आणि प्लगचा फोटो पाठवा. प्लगचा बाजूने नको, समोरून काढा, पोर्सेलीनचा तळ दिसला पाहिजे.